लाझारेतो : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

युरोपच्या मध्ययुगाविषयीचे, वैद्यकाच्या इतिहासाविषयीचे अथवा जुन्या सागरी प्रवासांविषयीचे एखादे पुस्तक वाचताना ‘लॅझर-हाउस’, ‘लाझारेतो’, ‘लेप्रोसेरियम’ असे शब्द वारंवार भेटतात. कोश उघडून पाहावा तर बहुधा एकच अर्थ दिलेला आढळतो : महारोग्यांचे इस्पितळ. हा अर्थ खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे आणि कित्येक ठिकाणी वाचकाची सरळ दिशाभूल करणारा आहे. तुरुंगसुधारणेसाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज समाजसेवक जॉन हॉवर्ड याने १७८९ साली युरोपातील प्रमुख लाझारेतोंवर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी तो मुद्दाम प्लेगसंशयित बंदरातून येणाऱ्या जहाजाने व्हेनिसला गेला आणि तेथील लाझारेतोत ठरावीक मुदत काढून बाहेर आला. ‘महारोग्यांचे इस्पितळ’ एवढाच अर्थ मनात धरून हा ग्रंथ वाचणाऱ्याला तो पहिल्या पानापासूनच कळणार नाही. कारण त्यात महारोगाचा संबंध जवळजवळ नाहीच.

तेव्हा हा शब्द आला कोठून, तो कोणकोणत्या वास्तूंना लावला गेला आणि मराठीत त्याला काय म्हणावे, हे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल. या शोधात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या शब्दाचा आरंभ रोगापासून झालेला नाही. तो एका दरिद्री माणसापासून झाला आहे.

दारातला भिकारी

‘लॅझर’ आणि ‘लाझारेतो’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी लाजर हे नाव आहे. बायबलच्या नव्या करारात या नावाच्या दोन व्यक्ती येतात. लूकच्या शुभवर्तमानातील एका दृष्टान्तात लाजर नावाचा भिकारी एका श्रीमंताच्या दाराशी पडून असतो. त्याच्या अंगभर फोड आहेत, कुत्री येऊन ते चाटतात, आणि श्रीमंताच्या मेजावरून पडणाऱ्या उष्ट्यावर त्याची आशा आहे. मरणानंतर त्याला स्वर्गसुख मिळते आणि श्रीमंत मात्र यातना भोगतो. दुसरा लाजर योहानाच्या शुभवर्तमानात येतो. तो बेथानी गावचा, मार्था व मरिया यांचा भाऊ. मृत्यूनंतर चार दिवसांनी येशूने त्याला उठवले अशी कथा आहे. मध्ययुगीन लोकमानसात हे दोघे एकमेकांत मिसळून गेले आणि त्यांतून महारोग्यांचा कैवारी असा एक संत लाजर निर्माण झाला.

येथे हे लक्षात ठेवले पाहिजे की, पहिल्या लाजरला महारोग झाला होता असे मूळ दृष्टान्तात कोठेही म्हटलेले नाही. तो दरिद्री होता आणि त्याच्या अंगावर फोड होते, एवढेच तेथे सांगितले आहे. त्याचे फोड महारोगाचे ठरले ते पुढील काळात. तथापि एकदा ही समजूत रूढ झाल्यावर इंग्रजीत ‘लॅझर’ म्हणजे महारोगी आणि ‘लॅझर-हाउस’ म्हणजे अशा लोकांचे घर असा अर्थ पक्का झाला. बाराव्या शतकात जेरुसलेमच्या तटाबाहेर महारोग्यांसाठी जे सेवागृह होते त्यातून संत लाजरचा धार्मिक पंथ उदयास आला. महारोग जडलेल्या सरदारांनाही त्यात प्रवेश होता. फ्रेंच भाषेत याच नावापासून ‘लाद्र’ हा शब्द झाला. त्याचा पहिला अर्थ महारोगी. आजच्या फ्रेंचमध्ये मात्र त्याचा अर्थ कृपण, कंजूष असा होतो. दारातला याचक ज्या शब्दाने ओळखला जात होता तोच शब्द शेवटी दार बंद करून घेणाऱ्याला लागू व्हावा, हा भाषेचा एक विलक्षण खेळ म्हणावा लागेल.

दरिद्री माणसावरून रोग्याचे नाव पडण्याची ही रीत ख्रिस्ती देशांपुरती नाही. इस्तंबूलच्या पलीकडील तीरावर उस्कुदार येथे उस्मानी तुर्कांच्या काळात महारोग्यांसाठी एक निवास होता. त्याचे नाव ‘मिस्किनांचा तेक्के’, म्हणजे मिस्किनांचा मठ, असे होते. ‘मिस्कीन’ हा मूळचा अरबी शब्द. दीन, निर्धन या अर्थी तो मराठीलाही अपरिचित नाही. तुर्कीत मात्र तो महारोग्याला लावण्याचा प्रघात पडला.

भाषांतराने केलेला घोटाळा

घराच्या नावाप्रमाणे रोगाच्या नावाचाही इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि त्यात भाषांतरकारांचा वाटा मोठा आहे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात ‘त्साराअथ’ नावाच्या एका अवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. ती माणसाच्या त्वचेवर दिसते. तशीच ती वस्त्रावर आणि घराच्या भिंतीवरही दिसते. यावरूनच स्पष्ट होते की, आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो हा नव्हे. धार्मिक अशौचाची ती एक कल्पना आहे. अशा माणसाने वस्तीबाहेर राहावे असा तेथे दंडक आहे.

ख्रिस्तपूर्व काळात या हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा ‘त्साराअथ’साठी ‘लेप्रा’ हा शब्द योजला गेला. ग्रीक वैद्य ‘लेप्रा’ हा शब्द खवले धरणाऱ्या साध्या त्वचारोगांसाठी वापरीत असत. ज्याला आज आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला त्यांनी पुढे वेगळेच नाव दिले होते : ‘एलेफान्तियासिस’. अकराव्या शतकापासून अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये येऊ लागले, तेव्हा अरबीतील ‘जुझाम’, म्हणजे खरा कुष्ठरोग, लॅटिनमध्ये ‘लेप्रा’ या नावाने रूढ झाला. अशा रीतीने तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली आल्या. वस्त्राला आणि भिंतीलाही लागणारे अशौच, खवले धरणारी त्वचा आणि नसांना बधिर करणारा रोग यांच्यातला भेद पुसला गेला. वस्तीबाहेर राहण्याचा जो दंडक अशौचासाठी होता तो रोग्याच्या माथी बसला. भाषांतर ही केवळ ग्रंथालयात घडणारी क्रिया आहे असे मानणाऱ्याने हे उदाहरण अवश्य ध्यानी घ्यावे. शब्दाची निवड चुकली आणि शतकानुशतके माणसे वेशीबाहेर गेली.

वेशीबाहेरचे घर

अकराव्या शतकाच्या अखेरीपासून पश्चिम युरोपात महारोग्यांची घरे झपाट्याने वाढली. इंग्लंडमध्ये कँटरबरीचा आर्चबिशप लानफ्रांक याने सुमारे १०८४ मध्ये हार्बलडाउन येथे असे घर स्थापिले. पुढे बाराव्या शतकाच्या प्रारंभी राणी मॅटिल्डा हिने लंडनच्या वेशीबाहेर सेंट जाइल्स येथे दुसरे उभारले. फ्रान्समध्ये या घरांना ‘मालाद्रेरी’ किंवा ‘लेप्रोझेरी’ म्हणत. डेन्मार्क व नॉर्वे या देशांत ती संत यॉर्गेनच्या नावाने ओळखली जात. तेथे ‘संत यॉर्गेनचे घर’ म्हटले की महारोग्यांचा निवास असेच समजावयाचे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरविले की, जेथे असे रोगी एकत्र राहतात तेथे त्यांना स्वतःचे प्रार्थनामंदिर, स्वतःची दफनभूमी व स्वतःचा धर्मगुरू असावा.

या घरांना ‘इस्पितळ’ म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे खाटा, वैद्य आणि औषधे उभी राहतात. तशी ती नव्हती. त्यांचे स्वरूप मठाच्या जवळचे होते. रहिवाशांनी नियमाने प्रार्थना करावी, ब्रह्मचर्य पाळावे, देणगी देणाऱ्यांच्या आत्म्यासाठी ईश्वराला आळवावे अशी अपेक्षा असे. दुसऱ्या बाजूने ती घरे कारागृहेही नव्हती. अनेक घरांच्या नियमांत गंभीर गैरवर्तनाला शिक्षा सांगितली आहे ती घराबाहेर काढण्याची! ज्या जागेतून हाकलून देणे हा दंड ठरतो तिला तुरुंग कसे म्हणावे? ही घरे वेशीबाहेर होती हे खरे. पण ती बहुधा रहदारीच्या रस्त्यालगत असत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने ती पाहावी व दान द्यावे. लाजर अजून दारातच होता. ते दार आता नगराचे होते, एवढाच फरक.

मध्ययुगीन लोक वाटेल त्या त्वचारोगाला महारोग म्हणत, असे पूर्वीचे काही अभ्यासक मानीत. डेन्मार्कमधील नेस्टवेड आणि इंग्लंडमधील विंचेस्टर येथील अशा घरांच्या दफनभूमींत उत्खनन झाले तेव्हा बहुसंख्य सांगाड्यांच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या स्पष्ट खुणा आढळल्या. निदानाचे कौशल्य त्या लोकांपाशी बऱ्यापैकी होते असे यावरून म्हणता येते.

अर्थात या काळाचे चित्र केवळ दयेचे नाही. जेरुसलेमचा राजा चौथा बाल्डविन महारोगी असूनही ११७४ ते ११८५ पर्यंत सिंहासनावर राहिला. परंतु १३२१ मध्ये फ्रान्समधील महारोग्यांवर विहिरींत विष कालविल्याचा आळ घेऊन अनेकांना जाळण्यात आले, आणि १३४६ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने त्यांना लंडन सोडण्याचा हुकूम काढला. राजाच्या रोगाला सिंहासन आड आले. दरिद्र्याच्या रोगाला आड येणारे काही नव्हते.

बेट, साथ आणि शब्दाचा दुसरा अर्थ

चौदाव्या शतकाच्या मध्यास प्लेगने युरोपचा मोठा भाग उजाड केला. पुढील शतकांत महारोग तेथे हळूहळू ओसरत गेला, प्लेग मात्र पुन्हा पुन्हा येत राहिला. १३७७ मध्ये रागूसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या नगराने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे हे दिवस चाळीस झाले. ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दापासूनच ‘क्वारंटीन’ हा शब्द आला.

व्हेनिसने १४२३ मध्ये आपल्या खाडीतील एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे इस्पितळ उभारले. त्या बेटावर नाझरेथच्या मरियेचे मंदिर होते. म्हणून त्या जागेला ‘नाझारेतो’ म्हणत. हा शब्द आणि लाजरचे नाव यांचा संकर होऊन ‘लाझारेतो’ हे रूप स्थिरावले, असे सामान्यतः मानले जाते. १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर नवा लाझारेतो झाला. तेथे संशयित जहाजांवरील माणसे व माल ठेवीत. हीच व्यवस्था पुढे भूमध्य समुद्रातील बहुतेक मोठ्या बंदरांनी उचलली आणि ‘लाझारेतो’ म्हणजे साथीपासून बंदराचे रक्षण करणारे स्थानक असा अर्थ सर्वत्र झाला. हॉवर्डचा ग्रंथ या अर्थाचा आहे.

व्हेनिसच्याच खाडीत सान लाझारो नावाचे आणखी एक बेट आहे. तेथे बाराव्या शतकापासून खरोखरच महारोग्यांचा निवास होता. पुढे तो ओस पडला आणि १७१७ मध्ये ते बेट आर्मेनियन संन्याशांना देण्यात आले. म्हणजे एकाच खाडीत लाजरचे नाव दोन प्रकारच्या वास्तूंना होते आणि त्यांचे कार्य सर्वस्वी भिन्न होते. वाचकाने सावध राहावे ते अशा ठिकाणी.

यानंतर या शब्दाला आणखी फाटे फुटले. जर्मन भाषेत ‘लाझारेट’ म्हणजे लष्करी रुग्णालय. जहाजाच्या मागील भागातील सामानाच्या कोठीलाही इंग्रजी खलाशी ‘लॅझरेट’ म्हणतात. पॅरिसमध्ये संत लाजरचे महारोगीगृह होते. १६३२ मध्ये ते व्हिन्सेंट द पॉल यांच्या धर्मसंघाकडे गेले, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याचा तुरुंग झाला, आणि आज एका गजबजलेल्या रेल्वे स्थानकाच्या नावात ते नाव उरले आहे. मूळ रोगी गेला, दरवाजा राहिला; त्या दरवाजातून पुढे कधी संन्यासी, कधी कैदी, कधी प्रवासी जात राहिले.

अ‍ॅसायलम

नॉर्वेमध्ये कुष्ठरोग एकोणिसाव्या शतकातही मोठ्या प्रमाणावर होता. बर्गेन येथे गेरहार्ड आर्मावर हान्सेन याने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला. रोग आनुवंशिक आहे हा समज त्यामुळे मागे पडला. पण आता संसर्गाचे भय वाढले. १८९७ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोग्यांना वेगळे ठेवण्याची शिफारस केली. याच्या आगेमागे जगभर रोग्यांची बेटे व वसाहती निर्माण झाल्या : हवाई द्वीपसमूहातील मोलोकाई, दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेट, ग्रीसमधील स्पिनालोंगा. मध्ययुगातील घर रस्त्यालगत होते. हे घर समुद्रापलीकडे गेले. त्यातून बाहेर काढणे ही शिक्षा राहिली नाही. आत ठेवणे हीच शिक्षा झाली.

हिंदुस्थानात इंग्रजी अमदानीत या संस्थांना ‘लेपर अ‍ॅसायलम’ असे नाव होते. ‘अ‍ॅसायलम’ या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ, जेथे कोणी हात लावू शकत नाही असे आश्रयस्थान. मुंबईत १८९० मध्ये महापालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा येथे असे आश्रयगृह सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या नावातच ‘बेघर’ हा शब्द होता : बेघर महारोग्यांचे आश्रयगृह. पुढे त्याला अ‍ॅकवर्थ यांचे नाव मिळाले. मराठी वाचकाला हे अ‍ॅकवर्थ दुसऱ्या कारणानेही ठाऊक असावयास हवेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा प्रसिद्ध संग्रह संपादित करणारे अ‍ॅकवर्थ ते हेच.

१८९८ मध्ये हिंदुस्थान सरकारने महारोग्यांविषयी कायदा केला. त्याच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत तो ‘लेपर’. आणि पोलिसांनी पकडून अ‍ॅसायलममध्ये धाडावयाचा तो ‘पॉपर लेपर’, म्हणजे उघड्यावर भीक मागणारा अथवा उदरनिर्वाहाचे साधन नसलेला महारोगी. ज्याच्यापाशी घर व पैसा होता त्याला याच रोगासह घरी राहण्यास या कलमांची आडकाठी नव्हती. अंगावर व्रण आणि हातात भिक्षापात्र! लूकच्या दृष्टान्तातील लाजरचेच हे कायद्याच्या भाषेतील वर्णन आहे. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला.

मराठीतील शब्द

आता आपल्या भाषेकडे वळू. संस्कृतातील ‘कुष्ठ’ हा शब्द फार व्यापक आहे. चरक व सुश्रुत यांनी कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांत अनेक साधे त्वचारोगही येतात. याच शब्दापासून हिंदीत ‘कोढ’ झाला व त्याचा अर्थ कुष्ठरोग. मराठीत त्याच मुळापासून ‘कोड’ झाला. पण त्याने आज आपण त्वचेवरील निरुपद्रवी पांढरे डाग समजतो. हिंदीतून मराठीत भाषांतर करताना केवळ रूपसाम्यावर विसंबून ‘कोढी’चा ‘कोड आलेला’ केला तर ग्रीक भाषांतराच्या वेळचा घोटाळा पुन्हा घडेल. ‘रक्तपिती’ची गोष्टही अशीच. आयुर्वेदातील रक्तपित्त हा रक्तस्रावाचा विकार. मराठीत व गुजरातीत मात्र तो शब्द कुष्ठरोगाला लावला गेला. ‘महारोग’ हा तिसरा शब्द. सुश्रुताने आठ महागद सांगितले आहेत व कुष्ठ हा त्यांतील एक. लोकांनी मात्र मोठा रोग म्हणून हाच एक जणू निवडून काढला. बाकीचे सात रोग माणसाला घरात राहू देत होते, एवढे सांगितले तरी कारण कळते.

संस्थांच्या नावांत मराठीने विसाव्या शतकात जो बदल घडविला तो मोलाचा आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कार्य आरंभिले व ‘कुष्ठधाम’ हे नाव रूढ झाले. ‘धाम’ म्हणजे घर, तसेच तीर्थस्थानही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. पण वरोऱ्याजवळील खडकाळ भूमीवर जी वसाहत उभी राहिली तिला नाव दिले ‘आनंदवन’. त्यात रोगाचाही उल्लेख नाही आणि दयेचाही नाही. तेथील माणूस दान घेण्यासाठी दारात बसलेला नव्हता. तो विहीर खणीत होता, शेत पिकवीत होता. लाजरचे नाव पुसण्याची ही खरी रीत होय.

जगात इतरत्रही हाच विचार चालू होता. १९४८ मध्ये हवाना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘लेपर’ हा शब्द टाकून द्यावा असा ठराव केला. या मागणीसाठी अमेरिकेतील कार्व्हिल येथील रोग्यांनी स्वतःच्या नियतकालिकातून झगडा दिला होता. ब्राझीलने १९९५ मध्ये कायद्यानेच सरकारी व्यवहारातून ‘लेप्रा’ हा शब्द काढून टाकला. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार सुरू झाले आणि रोग्याला वेगळे ठेवण्याचे कारणच उरले नाही; तो घरी राहून पूर्ण बरा होतो. तरीही भारतात दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद व्यक्तिगत कायद्यांतून निघाली ती २०१९ मध्ये. औषध शब्दापेक्षा लवकर पोचते, असा याचा अर्थ.

उपयोगाविषयी

या विवेचनावरून वाचकाने व अनुवादकाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मध्ययुगीन ‘लॅझर-हाउस’ला ‘महारोग्यांचे सेवागृह’ म्हणावे. ‘रुग्णालय’ म्हटल्यास उपचाराची आणि ‘वसाहत’ म्हटल्यास हद्दपारीची कल्पना येते, व दोन्ही तेथे गैरलागू आहेत. पंधराव्या शतकानंतरच्या बंदरातील ‘लाझारेतो’ला ‘विलगीकरण-स्थानक’ हा शब्द योग्य होईल. २०२० च्या साथीनंतर ‘विलगीकरण’ कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. जर्मन ‘लाझारेट’ आढळल्यास ‘लष्करी रुग्णालय’ लिहावे. इंग्रजी अमदानीतील ‘अ‍ॅसायलम’ला ‘आश्रयगृह’ म्हणावे, पण त्याच्या दाराला बाहेरून कडी होती हे मजकुरातून कळू द्यावे. जुन्या लेखातील ‘महारोगी’ हा शब्द अवतरणात तसाच ठेवावा, कारण इतिहास गोड करून सांगणे बरोबर नाही. परंतु आपल्या स्वतःच्या वाक्यात ‘कुष्ठरुग्ण’ लिहावे, आणि बरा झालेल्या माणसाला तेही लिहू नये. ‘समाजाला जडलेला महारोग’ यांसारखे अलंकार तर कायमचे सोडावेत. अलंकार लिहिणाऱ्याचा असतो. त्याची किंमत मात्र दारात बसलेला माणूस देतो.